आबांचं बोट आणि मुका सेन्सर

बोट तेच होतं, लॅपटॉप तोच होता, आणि कळफलकाच्या कोपऱ्यातली ती नखाएवढी काळी पट्टीही तीच होती. मागच्या वर्षापर्यंत आबा त्या पट्टीवर बोट टेकवायचे आणि लॅपटॉप चटकन उघडायचा. आता कितीही वेळा टेकवा, ढिम्म! मग बिघडलं होतं तरी काय?

खरं सांगायचं तर शाल्मलीला हे कोडं सुटायला नकोच होतं.

शाल्मली परुळेकर समुद्रावर राहायची. समुद्राकाठी नव्हे, समुद्रावर! वेंगुर्ल्याच्या किनाऱ्यापासून बोटीने बरंच आत गेलं की एक तरंगती वसाहत लागायची. तिचं नाव 'प्रवाळ केंद्र'. समुद्राचं पाणी तापत चाललं तशी तळाची प्रवाळं (दगडासारखी घरं बांधून राहणारे इवलेसे समुद्रजीव) मरू लागली. ती पुन्हा रुजवायची म्हणून शास्त्रज्ञ आपापल्या कुटुंबांसह इथे येऊन राहिले होते. प्रवाळांची पिल्लं तबकात घेऊन तळाशी नेऊन लावायचं काम सहा पायांचे यंत्रखेकडे करत, आणि त्या खेकड्यांना हुकूम सोडत शाल्मलीचे आजोबा, डॉ. भालचंद्र परुळेकर. सगळं केंद्र त्यांना आबा म्हणायचं.

आबांना कंपवात होता. म्हणजे त्यांचे हात सारखे थरथरत. डोकं मात्र लखलखीत! अडचण एवढीच, की खेकड्यांचा ताबा ज्या लॅपटॉपवर होता त्याचा पासवर्ड लांबलचक होता, आणि टाइप करताना थरथरत्या बोटाखाली एकाऐवजी दोन अक्षरं उमटत. बोलून लॅपटॉप उघडायची सोय केंद्राने बंद केली होती, कारण हल्ली कुणाच्याही आवाजाची नक्कल कुणीही करू शकायचं. मग आबा शाल्मलीला हाक मारत, "शमे, ये गं जरा!"

शमी धावत यायची आणि पासवर्ड टाइप करायची. अख्ख्या केंद्रात तो पासवर्ड आबांखेरीज फक्त तिला ठाऊक होता. आईलासुद्धा नाही! आबांचं कुलूप आपल्या हातात आहे या विचाराने तिला दिवसभर उंच उंच वाटायचं.

आणि मग तस्नीम आली.

तस्नीम होडेकर रत्नागिरीची. तिचे अब्बा पाणबुड्यांच्या (समुद्रात बुडी मारणाऱ्या माणसांच्या) यंत्रांची देखभाल करायला केंद्रात आले आणि तीही त्यांच्यासोबत आली. शमीपेक्षा वर्षभराने मोठी, अंगाने काटकुळी, आणि सदा न कदा कुठल्यातरी यंत्राचं झाकण उघडून बसलेली. पहिल्याच दिवशी तिने आबांच्या लॅपटॉपवरची काळी पट्टी पाहिली आणि विचारलं, "सर, हा बोटांचे ठसे वाचणारा सेन्सर ना? मग तुम्ही पासवर्ड का टाइप करून घेता?"

"मुका झालाय तो," आबा म्हणाले.

"मुका म्हणजे?"

आबांना असे प्रश्न फार आवडत. ते खुर्चीत सावरून बसले. "हे लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीने त्यांची देखभाल थांबवली. जुनी प्रणाली सुरक्षित राहिली नाही. यंत्रं तर धडधाकट होती, फेकायची कशाला? म्हणून आम्ही त्यांच्यावर मुक्त प्रणाली बसवली. मुक्त म्हणजे काय, तर जिची सगळी आतली रचना कुणालाही वाचता येते, सुधारता येते. पडदा चालला, कळफलक चालला, कॅमेरा चालला. हा एवढा रुसला."

"पण का?"

"लॅपटॉपच्या प्रत्येक भागाची आपली एक बोली असते. प्रणालीला ती समजावी म्हणून मध्ये एक दुभाषा लागतो. त्याला म्हणतात ड्रायव्हर. आता ड्रायव्हर म्हणजे काही गाडी चालवणारा नव्हे हं! तो एक छोटा प्रोग्रॅम असतो, इकडचं बोलणं तिकडे सांगणारा. या सेन्सरची बोली कंपनीने कधी कुणाला सांगितली नाही. तिने स्वतःच्या जुन्या प्रणालीपुरता दुभाषा लिहिला आणि विषय संपवला. मुक्त प्रणालीकडे तो दुभाषाच नाही. सेन्सर बिचारा आतून धडधाकट आहे, पण त्याच्याशी बोलणार कोण?"

तस्नीमचे डोळे चमकले. "मग आपणच शिकू या ना त्याची बोली!"

आबा खदखदून हसले. शमी दारात उभी होती. आबा असे हसलेले तिने कितीतरी दिवसांत पाहिले नव्हते.

दुसऱ्या दिवसापासून आबांच्या खोलीत दोन खुर्च्या शेजारी शेजारी आल्या. भांडारात तसलाच एक जुना लॅपटॉप पडून होता, त्यावर कंपनीची मूळ प्रणाली अजून शाबूत होती. तस्नीमने तिथे एक 'कान' बसवला, म्हणजे प्रणाली आणि सेन्सर यांच्यात काय बोलणं चालतं ते टिपून ठेवणारा प्रोग्रॅम. तो सुरू करून तिने सेन्सरवर बोट टेकवलं की पडद्यावर आकड्यांच्या ओळी धो धो वाहायच्या.

"आपण कुणाचं कुलूप तोडत नाही आहोत," आबा तिला सांगत. "आपल्याच यंत्राशी बोलायला शिकतोय. एखाद्या परक्या गावात गेलं, तिथली भाषा येत नसली, तर आपण काय करतो? दुकानात उभं राहून ऐकतो. गिऱ्हाईक काय म्हणालं, दुकानदाराने काय काढून दिलं, ते बघतो. दहा वेळा ऐकलं की मिठाला काय म्हणतात ते कळतं."

"म्हणजे बोट टेकवताना एकदा ऐकायचं, न टेकवता एकदा ऐकायचं, आणि फरक कुठे पडतो ते बघायचं!"

"शाब्बास!"

हा शाब्बास शमीच्या कानात गरम तेलासारखा गेला. आजवर आबांचे सगळे शाब्बास तिचे असत. तिनेही त्या खोलीत बसून पाहिलं, पण दोघं बोलत असताना मध्ये काय बोलावं ते तिला सुचेना. एकदा ती म्हणाली, "आबा, मी पासवर्ड टाइप करून देते की! एवढा खटाटोप कशाला?" तर आबा नुसतं "हो गं बाळा" म्हणाले आणि पुन्हा आकड्यांकडे वळले.

आठवडाभरात तस्नीमच्या तोंडचं 'सर' गळून पडलं. "आबा, हे बघा ना!" ती म्हणाली, आणि शमीच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. सगळं केंद्र आबांना आबाच म्हणायचं, हे खरं होतं. पण ही? हिने का म्हणावं? जेवताना शमीला तस्नीमचं चपाती चावणंसुद्धा सहन होईना. तिची वेणी, तिचं रत्नागिरीचं बोलणं, तिचं ते सारखं "म्हणजे कसं?" विचारणं, सगळंच डोळ्यांत खुपायला लागलं. आणि सगळ्यात मोठी भीती तर शमी स्वतःशीही बोलायची नाही. सेन्सर बोलायला लागला, तर आबा शमीला हाक कशाला मारतील?

सुदैवाने (हे शमीच्या मते) काम अडलं. टिपून ठेवलेल्या संदेशांपैकी कामाचे वाटले ते तस्नीमने मुक्त प्रणालीवरून सेन्सरला पाठवले. सेन्सर जागा झाला! त्याचा हिरवा दिवासुद्धा लागला. त्याने बोटाचं चित्रही पाठवलं, पण त्या चित्रात नुसत्या आडव्या पट्ट्या आणि राखाडी डाग. ठशाचा मागमूस नाही. तस्नीमने बोट पुसून पाहिलं, कोरडं करून पाहिलं, दुसरं बोट लावून पाहिलं. प्रत्येक वेळी तेच.

"सेन्सर बघतो कसा, ते आठव," आबा म्हणाले. "आपल्या बोटावर उंचवटे असतात आणि मध्ये खाचा. उंचवटा सेन्सरला चिकटतो, खाचेत हवा राहते. सेन्सरमध्ये हजारो बारीक ठिपके असतात. आपल्यावर कातडी आहे की हवा, ते प्रत्येक ठिपका विजेच्या सूक्ष्म फरकावरून ओळखतो. कातडी असेल तिथे काळं, हवा असेल तिथे पांढरं."

"मग डाग कसले?"

"ते मात्र मलाही कळेना."

तस्नीम रडवेली होऊन गेली, आणि शमीला त्या दिवशी छान भूक लागली.

दुसऱ्या दिवशी दुपारी आबा विश्रांती घेत होते आणि तस्नीम वर्गात होती. शमी हळूच त्या खोलीत शिरली. तस्नीमचा प्रोग्रॅम किती टाकाऊ आहे ते तिला स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं होतं. तिने मुद्दामच सेन्सरवर बोट न ठेवता प्रोग्रॅम चालवला. चित्र आलं. समोर बोटच नव्हतं, तरी त्यात पट्ट्या होत्या. तेच राखाडी डाग!

शमी चपापली. हे तिने कुठेतरी पाहिलं होतं. प्रवाळांचे फोटो काढताना आबा आधी नुसत्या पाण्याचा फोटो काढायला लावत. पाण्यातला गढूळपणा आणि काचेवरचे डाग त्या रिकाम्या फोटोत येत. मग खऱ्या फोटोतून तो रिकामा फोटो संगणकाने वजा करायचा, की प्रवाळ स्वच्छ दिसे. हे तर ती लहानपणापासून करत आली होती.

म्हणजे हे डाग सेन्सरचे स्वतःचेच होते! त्याचे काही ठिपके जास्त हळवे, काही मंद. बोट टेकण्याआधी एक रिकामं चित्र घ्यायचं, आणि मग बोटाच्या चित्रातून ते वजा करायचं. तस्नीम घाईघाईने आधीच बोट ठेवून बसायची, त्यामुळे तिला रिकामं चित्र कधी मिळालंच नव्हतं.

शमीने बोट टेकवलं, दुसरं चित्र घेतलं, आणि प्रवाळांच्या प्रोग्रॅममध्ये दोन्ही चित्रं घालून एकातून दुसरं वजा केलं. पडद्यावर तिचं बोट उमटलं. वळणावळणाच्या रेषा, मध्ये भोवऱ्यासारखा गोल. सुंदर!

क्षणभर तिला वाटलं, ओरडून सगळ्यांना बोलवावं. पण लगेच तिला तस्नीमचा हसरा चेहरा दिसला, आणि शेजारी हसणारे आबा दिसले. मग रोज बोट टेकवून आपोआप उघडणारा लॅपटॉप दिसला. शमीने दोन्ही चित्रं पुसून टाकली आणि ती गुपचूप बाहेर पडली.

गुपित पोटात ठेवलं की गोड वाटेल असं तिला वाटलं होतं. पण ते आंबायला लागलं. तस्नीम दिवसेंदिवस आकडे चाळत बसायची, तिच्या डोळ्यांखाली काळं दिसायला लागलं, आणि शमी काही न बोलता तिच्या समोर बसून आमटी ओरपायची.

शुक्रवारी दुपारी शमीची आई, तस्नीम, तिचे अब्बा आणि पाणबुडे मोठ्या बोटीतून किनाऱ्यावर सामान आणायला गेले. केंद्रात आबा आणि शमी होती, आणि स्वयंपाकघरातली चारदोन माणसं. तस्नीमला बोटीत पुढे बसायला मिळालं आणि आपल्याला केंद्रातच ठेवलं, म्हणून शमी धुमसत होती. ती वसाहतीच्या पार टोकाला, जाळ्यांच्या ढिगामागे जाऊन बसली.

"शमे!" भिंतीवरच्या ध्वनिवर्धकातून आबांची हाक आली. "ये गं, कुर्ली अजून खाली आहे."

कुर्ली म्हणजे आबांचा लाडका यंत्रखेकडा. शमीने ऐकलं. 'बोलवा ना तुमच्या तस्नीमला,' ती मनात म्हणाली आणि जागची हलली नाही.

"शमे, भरती चढतेय गं!"

शमीने तोंड फिरवलं. तिसरी हाक आली नाही. ती शांतताच तिला सहन होईना. शेवटी ती उठली आणि पाय ओढत आबांच्या खोलीकडे गेली. दार उघडंच होतं.

आबा लॅपटॉपवर वाकले होते. उजव्या हाताची थरथर थांबावी म्हणून त्यांनी डाव्या हाताने मनगट घट्ट धरलं होतं, आणि एक बोट कळफलकावर हळूहळू उतरत होतं. दोन अक्षरं उमटली. त्यांनी पुसलं, पुन्हा टाइप केलं. पडद्यावर लाल अक्षरं आली : 'पासवर्ड चुकला. थोड्या वेळाने पुन्हा प्रयत्न करा.' आबांनी डोळे मिटून घेतले. शेजारच्या पडद्यावर खालच्या कॅमेऱ्याचं चित्र होतं. भरतीचा जोर वाढला होता. कुर्ली खडकावर आपटत होती, तिचे पाय निखळून लोंबत होते, आणि पाठीवरचं तबक उलटं झालं होतं. वर्षभर जपलेली प्रवाळांची पिल्लं कधीच वाहून गेली होती.

आबा रागावले नाहीत. तेच वाईट होतं. "आलीस?" एवढंच म्हणाले.

शमीचं सगळं अवसान गळालं. "मी ऐकलं होतं, आबा. मुद्दाम नाही आले." आणि मग थांबता थांबेना. रिकामं चित्र, वजाबाकी, पडद्यावर उमटलेलं बोट, पुसून टाकलेला पुरावा, हुंदके देत देत तिने सगळं ओकून टाकलं. "सेन्सर चालायला लागला की तुम्ही मला बोलावणार नाही. म्हणून!"

आबांनी खुर्ची तिच्याकडे वळवली.

"तू धावत येतेस ना, ते मला फार आवडतं," ते हळू आवाजात म्हणाले. "पण माझीच वस्तू उघडायला रोज कुणाला तरी हाक मारायची, हे मला नाही गं आवडत. कधीच नाही आवडलं. तुला वाईट वाटेल म्हणून बोललो नाही." मग त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. हात थरथरत होता. "कुलूप उघडण्यापुरतीच तू माझी आहेस, असं वाटलं तुला?"

शमीने तो हात आपल्या दोन्ही हातांत धरला.

तस्नीमला सांगणं त्याहून अवघड होतं. संध्याकाळी बोट आली तेव्हा शमी धक्क्यावरच उभी होती. तस्नीमने सगळं ऐकून घेतलं, आणि तिचा चेहरा लालबुंद झाला.

"मी इतके दिवस डोकं फोडत होते, आणि तू समोर बसून बघत होतीस?"

"हो."

"वाईट आहेस तू."

"हो," शमी पुन्हा म्हणाली.

तस्नीम फणकाऱ्याने निघाली. चार पावलं गेली आणि थबकली. "थांब. रिकामं चित्र? म्हणजे बोट ठेवायच्या आधी?" ती परत फिरली. "कंपनीच्या प्रणालीतही सुरुवातीला, बोटाआधीच, एक मोठा संदेश यायचा. मला वाटलं फालतू आहे, म्हणून मी तो गाळला! माझ्या डोक्यात कसं नाही आलं? तुला बरं सुचलं!" शेवटचं वाक्य बोलताना तिच्या ओठांना जो बाक आला, तो शमीने बरोबर ओळखला. गेले कित्येक दिवस आरशात ती तोच बघत होती.

पुढचं काम तिघांनी मिळून केलं. चित्र स्वच्छ आलं, पण चित्र म्हणजे ओळख नव्हे. "लॅपटॉप पूर्ण चित्र जपून ठेवत नाही," आबांनी समजावलं. "तो खुणा शोधतो. एखादी रेषा कुठे संपते, कुठे एका रेषेला दोन फाटे फुटतात, आणि या खुणा एकमेकींपासून किती लांब आहेत. त्यांचा तो नकाशा बनवतो. पुढच्या वेळी बोट टेकलं की नवा नकाशा जुन्याशी ताडून बघायचा. पुरेशा खुणा जुळल्या की दार उघडायचं."

आबांच्या तर्जनीच्या खुणा मात्र सापडेचनात. आयुष्यभर प्रवाळ हाताळून ती झिजली होती. शिवाय हात हलल्याने चित्र पुसट येई. "करंगळीशेजारचं बोट लावून बघा, ते कमी वापरात असतं," शमी म्हणाली. "आणि तळवा टेबलावर टेकवा," तस्नीमने जोडलं. सेन्सर लहान असल्यामुळे एका वेळी बोटाचा तुकडाच दिसे, म्हणून त्यांनी बोट जरा जरा सरकवत पुन्हा पुन्हा टेकवायला लावलं, आणि ते तुकडे जुळवून मोठा नकाशा केला.

मग आबांनी लॅपटॉप बंद केला. तळवा टेकवला. थरथरतं बोट काळ्या पट्टीवर उतरलं.

लॅपटॉप उघडला.

आबांनी तो पुन्हा बंद केला, पुन्हा उघडला. लहान मुलासारखे ते तेच करत राहिले.

"आता पासवर्ड बदलायला हवा," ते शेवटी म्हणाले. "बोट काही बदलता येत नाही, म्हणून अडीअडचणीला पासवर्ड हवाच. पण तो फक्त माझा. पोरींनो, पाठ फिरवा बघू!"

शमीने पाठ फिरवली. मागे एकेक कळ सावकाश वाजत होती. चुकत होती, पुन्हा वाजत होती. तिच्या मनात एक कळ उठली. पण मदतीला धावायचं नाही, हे तिला आता कळलं होतं.

त्यांनी लिहिलेला ड्रायव्हर जगभरच्या मुक्त प्रणालीच्या भांडारात गेला. तिथल्या अनोळखी जाणकारांनी चुका दाखवल्या, मुलींनी त्या दुरुस्त केल्या. तस्नीमने कर्त्यांमध्ये शमीचं नाव लिहिलं, पण स्वतःच्या नावाखाली. शमीला थोडं टोचलंच. तिने ते बोलूनही दाखवलं. "मी जास्त दिवस काम केलं," तस्नीम म्हणाली. ते खरं होतं, शमीला मान्य करावं लागलं.

काही आठवड्यांनी नेपाळमधल्या एका डोंगरी दवाखान्यातून निरोप आला. तिथल्या परिचारिकेकडे तसलेच जुने लॅपटॉप होते. 'तुमच्यामुळे आमचा सेन्सर बोलू लागला,' तिने कळवलं होतं. 'पण इथल्या थंडीत लोकांची बोटं भेगाळतात. भेगेलाच तो रेष समजतो. काय करावं?'

"आबा, काय करायचं?" दोघींनी एकदमच विचारलं.

आबांनी खांदे उडवले. "मला नाही ठाऊक."

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं.

"भेग सरळ जाते," शमी विचार करत म्हणाली. "रेषा वळतात."

"आणि भेग रोज बदलते, रेषा नाही!" तस्नीम म्हणाली, आणि दोघी लॅपटॉपकडे धावल्या. एकीला दुसरीच्या आधी पोचायचं होतं.